व्हीएचं रेटिंग वाढवून घ्यायचंय? फॉर्म उघडण्याआधी हे ठरवा

२००९ पासून 'मावनी' योजनेखाली विद्यार्थी आणि कामाच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी भारतीय मुलांनी अमेरिकी लष्करात नाव नोंदवलं. लष्कराला हव्या असलेल्या भाषांत हिंदी होती, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांनाही ते दार उघडलं. २०१६ मध्ये ही भरती थांबली. माझा नवरा त्यांतलाच. ही मंडळी आता चाळिशीकडे आली आहेत. सेवेतून बाहेर पडताना व्हीएकडून, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याकडून, दहा-वीस टक्के रेटिंग (सेवेमुळे झालेलं दुखणं किती गंभीर आहे याची टक्केवारी, तिच्यावर महिन्याची भरपाई ठरते) मिळालं तेव्हा 'मिळालं ते ठीक' म्हणून पत्र फाइलला लावलं, आणि आता गुडघा, कंबर, डोकं एकेक करून बोलायला लागलंय.

आमच्या घरचे व्हीएचे सगळे कागद मी सांभाळते. त्यामुळे ओळखीपाळखीतून एकच प्रश्न वारंवार येतो: 'रेटिंग वाढवायला कोणता फॉर्म भरायचा?' माझं उत्तर असं की फॉर्मचं नंतर बघू. आधी हे सांगा, मागचा निर्णय झाला तेव्हा तो बरोबर होता आणि आता दुखणं वाढलंय, की तो निर्णय तेव्हाच चुकला होता? या दोन्हींचे रस्ते वेगळे, मुदती वेगळ्या, आणि मागची रक्कम कुठल्या तारखेपासून मिळणार तेही वेगळं.

१. शेवटचं निर्णयाचं पत्र शोधा आणि शेवटपर्यंत वाचा

बहुतेक जण टक्केवारी आणि रक्कम बघून पत्र मिटवतात. तुम्हाला त्यातल्या दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, पत्रावरची तारीख. पत्र हातात पडलं तो दिवस धरू नका, वर छापलेली तारीखच धरायची. दुसरी, कारणांचा भाग. पुढच्या पायरीचं रेटिंग मिळायला काय दिसायला हवं, हे तिथे लिहिलेलं असतं, आणि अर्जाचा सगळा पाया तोच आहे.

उदाहरणार्थ गुडघा. तो ४५ अंशांपर्यंतच वाकत असेल तर १० टक्के, ३० अंशांपर्यंत असेल तर २०, १५ पर्यंत असेल तर ३०. मायग्रेनचं वेगळं. माणूस अक्षरशः आडवा होईल असे झटके दोन महिन्यांतून सरासरी एकदा आले तर १० टक्के, महिन्यातून एकदा आले तर ३०. ५० टक्क्यांसाठी झटके फार वारंवार, लांबणारे आणि नोकरी-कमाईवर गंभीर परिणाम करणारे असावे लागतात. म्हणजे 'डोकं फार दुखतं' एवढ्याने काही हलत नाही. महिन्यातून कितीदा, किती तास, त्या दिवशी कामावर गेलात का, हे विचारलं जातं.

काही दुखण्यांना वरची पायरीच नाही. कानात सतत आवाज येतो त्याला, म्हणजे टिनिटसला, जास्तीत जास्त १० टक्के. तुम्हाला ते आधीच मिळालं असेल तर त्यासाठी वाढीचा अर्ज करण्यात अर्थ नाही.

२. हिशेब कागदावर मांडा

व्हीए टक्क्यांची सरळ बेरीज करत नाही. ५० आणि ३० टक्के असतील तर आधी शंभरातून ५० जातात, उरलेल्या ५० चे ३० टक्के म्हणजे १५, एकूण ६५. मग जवळच्या दहाच्या पटीत नेतात, पाचाने संपलं की वर. म्हणून ६५ चे ७० होतात.

आता यात ३० च्या दुखण्याचं रेटिंग ४० झालं असं धरा. ५० अधिक उरलेल्याचे ४० टक्के म्हणजे २०, एकूण ७०. महिन्याची रक्कम तीच! तेच ३० चं ५० झालं तर ७५, म्हणजे ८० टक्के. २०२५ च्या दरांनी एकट्या व्हेटरनला (माजी सैनिकाला) ७० टक्क्यांना महिना १,७५९.१९ डॉलर, ८० ला २,०४४.८९, आणि १०० ला ३,८३१.३०. ही रक्कम करमुक्त असते. ९० वरून (२,२९७.९६) शंभरवर जाताना किती मोठी उडी आहे ते बघा.

हिशेब नेहमी दहाच्या पटीत नेण्याआधीच्या आकड्यावर करा. खात्यावर '७०' दिसत असलं तरी आत ते ६५ आहे की ७४, यावर सगळं अवलंबून असतं. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय अधू असतील तर वर थोडी भर पडते, तीही धरा.

आकडा हलत नसेल म्हणून अर्ज करूच नये असं नाही. आज १० टक्क्यांवर असलेला गुडघा पुढे आणखी बिघडणार असेल, तर नोंद वेळेवर झालेली बरी. पण पहिल्या अर्जात कुठल्या दुखण्यावर जोर द्यायचा, ते या हिशेबातूनच कळतं.

३. रस्ता निवडा

इथे घाई करू नका.

दुखणं वाढलंय आणि पत्राला वर्ष उलटून गेलंय: हा वाढीचा क्लेम, फॉर्म २१-५२६ईझेड. मागच्या निर्णयाशी भांडण नाही. तेव्हा जे होतं त्यापेक्षा आज जास्त आहे, एवढंच दाखवायचं. रक्कम साधारणपणे अर्ज पोचल्याच्या तारखेपासून मिळते. मात्र अर्जाच्या आधीच्या वर्षभरात दुखणं नेमकं कधी वाढलं हे वैद्यकीय कागदांतून दिसत असेल, तर त्या तारखेपर्यंत मागे जाता येतं. म्हणून दुखणं वाढल्यावर डॉक्टरकडे गेलेली पहिली भेट महत्त्वाची, तिचा कागद जपा.

पत्राला वर्ष झालेलं नाही, आणि तुमच्याकडे नवा पुरावा आहे: सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. पुरावा 'नवा आणि संबंधित' लागतो, जुनेच कागद पुन्हा जोडून भागत नाही. वर्षाच्या आत केलात तर जुन्या अर्जाची तारीख टिकते, आणि जिंकलात तर मागची रक्कम तिथपासून मोजली जाते. पुष्कळ लोक इथे सवयीने नवीन वाढीचा क्लेम टाकतात आणि महिन्यांची थकबाकी हातची घालवतात. वर्ष संपायचं असेल आणि हातात नवा कागद असेल, तर आधी हाच रस्ता बघा.

पत्राला वर्ष झालेलं नाही, नवा पुरावा नाही, पण होता तो पुरावाच नीट वाचला गेला नाही: हायर लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म २०-०९९६. वरिष्ठ अधिकारी त्याच फाइलवर पुन्हा नजर टाकतो. इथे एकही नवा कागद चालत नाही. फोनवर एकदा बोलण्याची मुभा मागता येते, ती मागाच. त्या फोनवर दुखण्याचं गाऱ्हाणं सांगण्यात वेळ घालवू नका. 'तपासणीच्या अहवालात वाकण्याचं माप ३० अंश लिहिलंय, निर्णयात ते धरलेलं नाही', असं बोट ठेवून सांगा. या रिव्ह्यूचा निकाल पटला नाही तर त्याच मुद्द्यावर लगेच दुसरा रिव्ह्यू मागता येत नाही. सप्लिमेंटल किंवा बोर्ड, हे दोनच मार्ग उरतात.

बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स, फॉर्म १०१८२: इथे न्यायाधीश बघतात. नुसती फाइल, नवा पुरावा जोडून, किंवा सुनावणीसह, असे तीन प्रकार आहेत. हा लांबचा पल्ला आहे. कायद्याच्या अर्थावरूनच वाद असेल तेव्हा इथे जावं, नुसतं दुखणं वाढलंय म्हणून नव्हे.

सप्लिमेंटल, रिव्ह्यू, बोर्ड ही तिहेरी रचना १९ फेब्रुवारी २०१९ पासून आहे. त्याआधीचे सल्ले, जुन्या अपील फॉर्मची नावं कोणी सांगितली तर बाजूला ठेवा.

आणखी एक शक्यता तपासा. तुम्हाला 'वाढ' वाटते ते कदाचित दुसरंच दुखणं असेल. उजव्या गुडघ्याला रेटिंग आहे, वर्षानुवर्षं डाव्या पायावर भार टाकून चालताय, आता डावा गुडघा गेला. ही उजव्याची वाढ नव्हे. हे उजव्यामुळे झालेलं दुय्यम दुखणं आहे. अर्ज त्याच २१-५२६ईझेडवर, पण डॉक्टरने लिहून द्यायला हवं की पहिल्यामुळे दुसरं होण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे, आणि का आहे. नुसतं 'संबंध असू शकतो' हे वाक्य दुबळं पडतं. इराक-अफगाणिस्तानात राहिलेल्यांनी २०२२ च्या पॅक्ट कायद्याची (सेवेत विषारी धूर वगैरे अंगावर आलेल्यांसाठीचा कायदा) यादीही बघावी. दमा, सायनस अशा कारणांसाठी पूर्वी नकार आला असेल तर सप्लिमेंटल क्लेम करता येतो.

दुखण्यामुळे नोकरीच टिकत नसेल तर वेगळा अर्ज आहे, २१-८९४०. एकाच दुखण्याला ६० टक्के, किंवा एक ४० चं धरून एकूण ७० टक्के असेल, तर शंभर टक्क्यांच्या दराने रक्कम मिळू शकते. असे लोक एकेक टक्का वाढवत बसतात आणि हा अर्ज कोणी सुचवतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

४. रेटिंग कमी होण्याची भीती

वाढ मागितली की व्हीए ते दुखणं पुन्हा तपासते. सुधारणा दिसली तर रेटिंग कमी करण्याचा प्रस्ताव येऊ शकतो, हे खरं. पण त्यासाठी नियम आहेत. मिळणारी रक्कम घटणार असेल तर आधी प्रस्तावाचं पत्र येतं, पुरावा द्यायला ६० दिवस मिळतात, आणि ३० दिवसांत सुनावणी मागता येते. पाच वर्षं टिकलेलं रेटिंग एखाद्या बऱ्या दिवसाच्या तपासणीवरून खाली आणता येत नाही, टिकाऊ सुधारणा दाखवावी लागते. वीस वर्षं सलग असलेलं रेटिंग फसवणूक वगळता त्या पातळीखाली जात नाही. दुखणं खरंच वाढलं असेल आणि कागद तसं सांगत असतील तर या भीतीने थांबू नका. मात्र दोन वर्षांत डॉक्टरकडे गेलाच नसाल, तर आधी उपचार सुरू करा.

५. आज तारीख पक्की करा

वाढीच्या किंवा नव्या क्लेमसाठी 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करणार असल्याची आगाऊ सूचना, नोंदवा, फॉर्म २१-०९६६, किंवा व्हीएच्या संकेतस्थळावर अर्ज भरायला सुरुवात केली तरी ती नोंद होते. फोनवरूनही करता येते. त्यानंतर पूर्ण अर्ज द्यायला एक वर्ष मिळतं आणि तारीख आजची धरली जाते. पुरावा जमवायला दोन-तीन महिने सहज जातात, ते वाया जात नाहीत.

पण रिव्ह्यू आणि बोर्डाची एक वर्षाची मुदत या नोंदीने थांबत नाही.

६. कागद

हे जमवा:

- शेवटची सगळी निर्णयपत्रं आणि मागच्या तपासणीचे अहवाल (ते नसतील तर फॉर्म २०-१०२०६ भरून आपली फाइल मागवा)
- व्हीएच्या दवाखान्यातल्या नोंदी
- खासगी डॉक्टरांच्या नोंदी. व्हीएला मागवू द्यायच्या असतील तर २१-४१४२ आणि २१-४१४२ए, पण स्वतः आणून जोडल्या तर वेळ वाचतो
- त्या दुखण्याचा व्हीएचा ठरावीक प्रश्नावली-फॉर्म, तुमच्या डॉक्टरकडून भरून
- घरच्यांचं किंवा सहकाऱ्याचं निवेदन, फॉर्म २१-१०२१०
- कामावरच्या रजांची नोंद

निवेदन कमी लेखू नका. 'त्यांना फार त्रास होतो' असं लिहून उपयोग नाही. मी लिहिलं ते असं: तळघराच्या पायऱ्या तो आडवा होऊन उतरतो, कठड्याला दोन्ही हात, प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी. मायग्रेनच्या दिवशी खोलीचे पडदे ओढून बादली शेजारी ठेवून पडलेला असतो, मुलांना शाळेतून मीच आणते. डोळ्यांनी बघितलं तेवढंच. निदान करणं आपलं काम नव्हे.

झटक्यांची नोंद आमच्याकडे फ्रिजजवळच्या कालनिर्णयवर असते. ज्या दिवशी झटका, त्या चौकटीत सुरू झाल्याची आणि उतरल्याची वेळ, आणि रजा घेतली असेल तर फुली. सणांच्या आणि दुधाच्या नोंदींमध्येच हे सगळं. त्या पानांचे फोटो आणि सोबत इंग्रजीत टाइप केलेला तक्ता सहीसह जोडला. त्या-त्या वेळी केलेली नोंद आठवून लिहिलेल्यापेक्षा जास्त वजनदार ठरते.

भारतातले उपचार हा आपल्या लोकांचा खास मुद्दा. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेल्यावर एमआरआय, फिजिओथेरपी उरकून येतो. ते कागद पुरावा म्हणून चालतात, पण तीन गोष्टी सांभाळा. एक, तारीख. आपल्याकडे ०५/०३ म्हणजे ५ मार्च, इथे तोच ३ मे. डॉक्टरला महिना अक्षरात लिहायला सांगा, नाहीतर सोबतच्या पत्रात खुलासा करा. दोन, नाव. तिकडे मधलं नाव वडिलांचं लागतं, इथल्या लष्करी नोंदीत ते नसतं किंवा आद्याक्षरच असतं. एकच माणूस आहे हे एका ओळीत लिहून टाका. तीन, चिठ्ठीवर नुसती औषधं नकोत. लेटरहेडवर निदान, तपासणीत दिसलेलं माप, सही, नोंदणी क्रमांक घ्या. मराठीत काही असेल तर भाषांतर जोडा.

७. तपासणी

अर्जानंतर बहुधा तपासणीला बोलावतात, अनेकदा व्हीएने नेमलेल्या खासगी कंपनीकडून. फोन अनोळखी नंबरवरून येतो, तो उचला. वाढीच्या क्लेममध्ये सबळ कारणाशिवाय तपासणी चुकली तर क्लेम फेटाळला जातो. म्हणून डिसेंबरात दोन महिने भारतात जायचं असेल तर अर्ज कधी टाकायचा ते तिकीट काढण्याआधी ठरवा. बोलावणं आलंच तर ताबडतोब फोन करून तारीख बदलून घ्या.

आपल्या माणसांची अडचण वेगळीच असते. कोणी 'कसे आहात?' विचारलं की 'मस्त, चाललंय' हे तोंडातून निघून जातं. सहन करणं अंगवळणी पडलेलं असतं, त्यात लष्कराची शिस्त. तपासणाऱ्यासमोर हे सोडायला हवं. आमच्या वेळी गुडघ्याला कोनमापक लावून 'वाकवा' म्हणाले. नवऱ्याने हळूहळू वाकवला, दुखायला लागलं तिथे 'इथे सुरू झालं' असं मोठ्याने म्हणाला, मग झेपेल तिथपर्यंत नेला. अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळे आले. दात-ओठ खाऊन एकदम पूर्ण वाकवला असता तर पहिला आकडा कागदावर आलाच नसता.

त्या दिवशी बरं वाटत असेल तर तसं सांगा, आणि मग वाईट दिवसांचं सांगा: महिन्यातून किती, किती वेळ टिकतात, तेव्हा गुडघा किती कमी वाकतो, जिने चढता येतात का. दुखणं उसळतं तेव्हा काय होतं याचा अंदाज तपासणाऱ्याने लिहायचा असतो, पण तुम्ही बोललात तरच. नेहमीची औषधं, पट्टा, काठी जशी वापरता तशीच घेऊन जा. वाढवून मात्र काही सांगू नका. खोटं सांगणं हा गुन्हा आहे, आणि एक विसंगती सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी काय विचारलं, काय मोजलं, किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. पुढे निर्णयाला आव्हान द्यायची वेळ आली तर हे टिपण उपयोगी पडतं.

८. मदत कोणाची घ्यायची

डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी आणि बऱ्याच काउंटींतले व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर फुकट मदत करतात. फॉर्म २१-२२ भरून त्यांना प्रतिनिधी नेमता येतं. एकाशी जमलं नाही तर दुसऱ्याकडे जा, माणसामाणसांत फरक असतो.

'शंभर टक्के मिळवून देतो, वाढलेल्या रकमेच्या पाच-सहा महिन्यांइतके पैसे द्या' असं म्हणणाऱ्या सल्लागारांपासून लांब राहा. व्हीएच्या यादीत नाव नसलेल्या कोणालाही क्लेम तयार करण्याचे पैसे घेता येत नाहीत. मान्यताप्राप्त वकीलसुद्धा पहिला निर्णय होईपर्यंत फी लावू शकत नाहीत. त्यानंतर थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानली जाते. नाव व्हीएच्या यादीत तपासायला दोन मिनिटं लागतात. आपलं लॉगिन, बँकेचा तपशील तर कोणालाच देऊ नका.

९. निर्णय आल्यावर

टक्केवारीआधी रक्कम कुठल्या तारखेपासून लागू झाली ते बघा. इंटेंटची नोंद झालेली असताना अर्जाची तारीख धरलेली असेल तर ती चूक आहे, आणि ती दुरुस्त करून घेता येते. पत्रावरच्या तारखेपासून एक वर्ष मोजून कॅलेंडरवर खूण करा, आणि दोन महिने आधीची दुसरी.

एकूण ३० टक्के किंवा जास्त झालं असेल तर नवरा किंवा बायको आणि मुलं यांची नावं लावून घ्या, फॉर्म २१-६८६सी. ही भर आपोआप लागत नाही. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि त्यांचं उत्पन्न मर्यादेत असेल तर त्यांच्यासाठीही भर मिळते, फॉर्म २१पी-५०९. ग्रीन कार्डावर आई-वडिलांना आणून घरी ठेवलेल्या आपल्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं.

आणि कायमचं भारतात परतायचा विचार असेल तर ही रक्कम तिकडेही मिळत राहते. रेटिंग असलेल्या दुखण्यावरचे भारतातले उपचारही व्हीएच्या फॉरेन मेडिकल प्रोग्रामखाली भरून मिळू शकतात. त्यासाठी निघण्याआधीच नाव नोंदवा, पत्ता बदलून घ्या, आणि तिथल्या प्रत्येक बिलावर दुखण्याचं नाव लिहून घ्यायची सवय लावा.